बावडीचा दुसरा जिना

गुणाकर सरांची कोणी स्तुती करू लागलं की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायला लागत. लोकांना वाटे, काय हा विनय! एवढं नाव झालं, पण माणूस जमिनीवर आहे. विनयानं खाली गेलेली मान आणि शरमेनं खाली गेलेली मान लांबून सारखीच दिसते, त्याला लोक तरी काय करणार?

गुणाकर पांढरीपांडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. बी.एस्सी.च्या मुलांसाठी त्यांनी हिंदीत लिहिलेल्या पुस्तकाला आता वर्ष होत आलं होतं आणि आजूबाजूच्या सात-आठ कॉलेजांत ते लागलं होतं. मुलं त्याला 'बावड़ीवाली किताब' म्हणत, कारण त्यातला सगळ्यात अवघड धडा हट्टा गावच्या जुन्या बावडीपासून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीपासून सुरू व्हायचा. जबलपूरच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पत्र पाठवलं होतं, की मी तीस वर्षं हा विषय शिकवला, पण तो इतका सोपा करून सांगता येतो हे मला तुमच्यामुळे कळलं. सरांच्या पत्नी उमाताई मॅट्रिकच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्यांनीही तो धडा वाचला, त्यांना तो समजला, आणि मग हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी तो समजावून सांगितला. त्या वेळी सर आतल्या खोलीत बसून ऐकत आणि त्यांचे कान तापत.

कारण तो धडा त्यांचा नव्हता. तो आणि त्याच्यासारखे आणखी पाच धडे एका मुलीच्या वहीतून उतरवलेले होते, आणि ही गोष्ट सरांखेरीज जगात कोणाला ठाऊक नव्हती.

घडलं ते असं. सहासष्ट साली हट्ट्याच्या डोमाजींची मुलगी साधना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एक दिवस प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात ती तीन मैत्रिणींना वहीतून काही वाचून दाखवत होती आणि पोरी हसत होत्या. सर दाराआड उभे राहिले. ऐकतात तर काय, वहीत रसायनशास्त्र होतं, पण सगळं घरच्या बोलीत! धानाच्या रोवणीच्या रांगेत जिचा हात हळू चालते, तिच्याच चालीनं अख्खी रांग चालते, तसंच रिअ‍ॅक्शनचं. तिच्यातली सगळ्यात हळू पायरी धरून वेग मोजायचा. पोरी हसत होत्या त्या समजल्याच्या आनंदानं. सरांना मात्र वाटलं, आपल्या विषयाची टिंगल चालली आहे. त्यांनी पुढे होऊन वही काढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की ही केमिस्ट्री आहे, गावची रोवणी नाही.

साधना दोनदा वही मागायला आली. दोन्ही वेळा सरांनी सांगितलं, परीक्षा होऊ दे, मग ने. परीक्षा झाली, साधना त्याच पेपरात नापास झाली आणि पुन्हा कॉलेजात दिसली नाही. वही टेबलाच्या खणात राहिली. सर दुष्ट नव्हते. ते विसरले, इतकंच. पण कोणाची वस्तू आपण ठेवून घ्यायची आणि ती विसरूनही जायचं, ही चैन सगळ्यांना परवडत नाही.

पुढे बी.एस्सी. हिंदीतून शिकवायचं ठरलं आणि पुस्तकं लिहून घेणाऱ्या भोपाळच्या एका संस्थेनं सरांना काम दिलं. इथे सरांचं खरं दुखणं बाहेर आलं. त्यांचं घर मराठी, शिक्षण नागपूरला इंग्रजीत, आणि पुस्तक लिहायचं हिंदीत. मराठी माणसाचं हिंदी म्हणून कोणी हसू नये, याची त्यांना फार धास्ती. कॉलेजातले हिंदीवाले त्यांच्या एकेका वाक्याला मिश्कील हसत, ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं होतं. म्हणून त्यांनी सरकारी परिभाषेचा जाडजूड कोश पुढ्यात घेतला आणि त्यातला जडात जड शब्द शोधून वाक्यात बसवला. 'उत्क्रमणीय अभिक्रिया में अग्र एवं प्रतीप अभिक्रियाओं के वेगों की समता ही साम्यावस्था है.' असं एक वाक्य झालं की ते दोनदा मोठ्यानं वाचत आणि खूश होत. यात मराठीचा वास कुणाला यायची सोय नव्हती. अर्थाचाही नव्हता.

संस्थेनं हस्तलिखित परत पाठवलं. वर चार ओळी होत्या: भाषा शुद्ध आहे, विषय बरोबर आहे, पण विद्यार्थ्याला काहीही समजणार नाही, दीड महिन्यात पुन्हा लिहून द्यावं, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. सरांनी तीन आठवडे पानं खरडली आणि फाडली. सोपं लिहायला बसलं की त्यांना नागडं झाल्यासारखं वाटे. अशात खणात टाचण्या शोधताना ती वही हाताला लागली.

त्यांनी ती उभ्या उभ्याच चाळायला घेतली आणि मग खुर्चीत बसले. समतोलाचा धडा होता. काही रिअ‍ॅक्शन उलट्याही फिरतात. एका पदार्थाचा दुसरा होतो आणि त्या दुसऱ्याचा परत पहिला. काही वेळानं बाहेरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, पण आत दोन्हीकडून काम चालूच असतं. वर्गात हे सांगताना सरांच्या तोंडाला दरवर्षी फेस यायचा. साधनानं लिहिलं होतं: 'उन्हाळ्यात आमच्या बावडीवर काही जण पाण्यासाठी खाली उतरतात, काही जण भरलेलं भांडं घेऊन वर येतात. एका मिनिटात जेवढे उतरतात तेवढेच चढले, तं खालची गर्दी आहे तेवढीच राहते. वरून पाहणाऱ्याले वाटते, कोणी हलूनच नाही राह्यलं. पण जिन्यावर उभं राहून पाहा.'

एवढंच. सरांना त्या क्षणी शरम वाटली, ही गोष्ट खरी. आपण काय हिसकावून घेतलं होतं, हे त्यांना समजलं. पण मुदत अठरा दिवसांवर आली होती, आणि शरमेपेक्षा मुदत मोठी ठरली. त्यांनी वही डाव्या हाताला ठेवली आणि साध्या हिंदीत तिचे सहा धडे उतरवून काढले. भाषांतर तर आपलंच आहे ना, अशी मनाची समजूत घातली. वहीत इतकं नितळ लिहिलेलं होतं की लेखणी कुठे अडखळली नाही, आणि अडखळली नाही म्हणून त्यांनी थांबून विचारही केला नाही. प्रस्तावनेत पाच जणांचे आभार मानले. साधनाचं नाव घालायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण नाव घातलं तर वही कशी मिळाली तेही सांगावं लागेल, म्हणून ते राहिलं.

बहात्तरच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं संस्थेचं. दुसरी आवृत्ती काढतो आहोत, दुरुस्त्या असल्या तर वीस जूनपर्यंत कळवा, आणि ही सुगम शैली तुम्हाला कशी साधली यावर दोन पानं लिहून द्या, म्हणजे इतर लेखकांना मार्गदर्शन होईल. उमाताईंनी ते शेजारी वाचून दाखवलं.

दुसरं पत्र विद्यापीठाच्या एका परीक्षकांचं होतं आणि ते सरांनी कोणालाच दाखवलं नाही. परीक्षकांनी लिहिलं होतं, की उत्प्रेरकावरच्या प्रश्नाला एक्केचाळीस मुलांनी एकच चुकीचं उत्तर शब्दशः लिहिलं आहे, आणि ते तुमच्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर आहे. मी गुण कापले, मला ते कापावेच लागले, पण चूक मुलांची नाही.

सरांनी एकशे बारावं पान उघडलं. रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, तो समजावायला लिहिलं होतं: समजा, बावडीला दुसऱ्या बाजूनं आणखी एक जिना खोदला. आता माणसं भराभर उतरतील आणि खालची गर्दी वाढेल. वाचताना किती गोड वाटत होतं! आणि साफ चूक होतं. जिना दुसरा झाला तर तो काय फक्त उतरणाऱ्यांनाच मोकळा असतो? चढणारेही त्यावरूनच चढणार. गर्दी तेवढीच राहील, फक्त ती लवकर स्थिर होईल. ही गोष्ट सरांना वीस वर्षं माहीत होती. वर्गात त्यांनी ती वीसदा सांगितली होती. आणि तरी वहीतली चूक त्यांनी, मुलं शेजाऱ्याच्या पेपरातलं उतरवतात तशी, मुकाट्यानं उतरवली होती.

एका ओळीची दुरुस्ती पाठवून प्रकरण मिटलं असतं, आणि सरांनी ती ओळ लिहिलीही. पण 'ही शैली मला कशी साधली' याची दोन पानं काही केल्या होईनात. 'अनेक वर्षों के अध्यापन के अनुभव से' इथवर येऊन लेखणी थांबे. एक्केचाळीस मुलं डोळ्यांसमोर येत. शेवटी त्यांनी कॉलेजातल्या सुखराम कारकुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं. सुखराम हट्ट्याचाच. तो म्हणाला, डोमाजीची साधना बैहरला दिली आहे, नवरा जंगल खात्यात आहे, ती तिथेच प्राथमिक शाळेत बाई आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर सकाळच्या बसनं बैहरला निघाले. उमाताईंना म्हणाले, पुस्तकाचं काम आहे. पिशवीत वही होती, पुस्तकाची एक कोरी प्रत होती. क्षमा मागायला चाललो आहोत, असं ते स्वतःला सांगत होते. पण घाट चढता चढता त्यांना हेही कबूल करावं लागलं, की साधनाला काय माहीत आहे आणि ती कुठे काही बोलणार तर नाही ना, हेही त्यांना पाहायचं होतं. दुसऱ्या आवृत्तीत एक ओळ आभाराची घालू, 'माझी एक विद्यार्थिनी' म्हणून, तेवढ्यावर ती मानेल, असा हिशेब त्यांनी मनात करून ठेवला होता. आपल्या मनाचा असा कोतेपणा उघडा दिसला की माणसाला बसच्या खिडकीतून बाहेरच बघत राहावं लागतं.

साधना जंगल खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत होती. शाळेला सुट्टी होती. तिनं सरांना पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की सरांनी तयार करून आणलेलं पहिलं वाक्य तसंच राहून गेलं. तिनं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, चहा टाकला. मग आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. तेच पुस्तक. पानं वापरून मऊ झालेली, वर खाकी कागदाचं कव्हर.

"मी वाचलं सर. रेंजर साहेबाची कमला जबलपूरले शिकते, तिनं आणलं. मंग मी पण एक मागवलं."

सरांनी चष्मा काढला. आता ती म्हणणार, की हे माझं आहे. तिनं म्हणावं असं त्यांना जवळजवळ वाटू लागलं. पण साधना खाली बसून पुस्तकाच्या कव्हरावरून हात फिरवत होती.

"तुमाले एक सांगू सर? मी नापास झाली ना, तवा मले वाटलं की मले काहीच समजत नाही. बाबा म्हने, पुन्ना बस. मी नाही बसली. म्हटलं, आपन जे समजलो ते सगळं गावठीच. सरच म्हनले होते तं खरंच असंन. मंग हे पुस्तक पाह्यलं. मायं लिहिलेलं त्यात! एक नाही, सहा धडे. म्या आमच्या घरधन्याले दाखवलं, म्हटलं, पाहा, पांढरीपांडे सरनं मायी वही वाचली. एवढा शिकलेला मानूस, त्यानं वाचली, तपासली, बराबर हाये म्हनून छापली."

ती रागावली नव्हती. तिच्या मनात चोरी हा शब्दच नव्हता. नावाचा विषय तर तिनं काढलाही नाही. सरांना वाटलं, हिनं चार माणसांत आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चहा झाला. साधना म्हणाली, एक गोष्ट विचारायची होती. तिनं एकशे बारावं पान काढलं. तिथे समासात पेन्सिलीनं बारीक काही लिहून पुन्हा खोडलेलं होतं.

"हा दुसरा जिना. वहीत मी असंच लिहिलंतं. पण परीक्षेत हाच प्रश्न आला आन् लिहितानी मले वाटलं, वर येनारे काहून नाही वापरनार तो जिना? ते बी वापरतीन. मंग गर्दी कशी वाढन? मी तसं लिहून आली. आन् नापास झाली. तवा वाटलं, तेच चुकलं असंन. तरी मनातून जात नव्हतं. मंग तुमचं पुस्तक आलं, त्यात वहीतलंच होतं. म्हटलं, चला, आपलं पह्यलंच बराबर होतं." ती हसली. "कमला आन् आनखी दोन पोरी मले विचाराले येतात, त्यायले बी तेच सांगतलं. पन मले अजून पटत नाही सर. तुमी समजावून सांगा."

सरांच्या खिशात परीक्षकांचं पत्र होतं. दुरुस्तीची ओळही होती. 'छपाईची चूक आहे' एवढं म्हणून सुटता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेही. पण समोर ती पेन्सिल घेऊन बसली होती. तिला समजून घ्यायचं होतं. व्हरांड्यातही तिला तेवढंच करायचं होतं.

"परीक्षेत तू लिहिलंस ते बरोबर होतं," सर म्हणाले. "पुस्तकातलं चूक आहे."

साधनानं पानाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी होताना सर बघत होते, आणि त्यांना काही करता येत नव्हतं.

"म्हंजे सर," ती सावकाश म्हणाली, "तुमी वाचलं नाही? नुसतं उतरवलं?"

"हो."

सरांनी पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालतो, आभारात नाही, वरच घालतो, असं ते म्हणाले. ते ती ऐकत होती की नाही कोण जाणे. वहीला तिनं हात लावला नाही. पुस्तक हाती आल्यापासून तिनं एवढ्या एका गोष्टीवर मान वर ठेवली होती, की एका जाणत्या माणसानं आपलं वाचून ते खरं आहे असं म्हटलं. ती गोष्ट सरांनी आत्ता तिच्या घरात बसून, तिचा चहा पिऊन, काढून घेतली होती. नाव छापून ती परत देता येणार नव्हती. सरांना रडावंसं वाटलं, पण तोही हक्क आपला नाही असं त्यांना वाटलं.

साधनानं पदर सावरला आणि ती उठली. चपला पायात घालू लागली.

"मी तीन पोरीयले चुकीचं सांगतलं," ती म्हणाली. "कमलाची पुरवणी परीक्षा हाये. तिले सांगून येतो. तुमी बी चाला."

परीक्षकांचं पत्र येऊन वीस दिवस झाले होते, आणि सरांनी ते एकालाही सांगितलं नव्हतं. ते तिच्या मागून निघाले.

रेंजरचं घर चार क्वार्टर सोडून होतं. कमला ओट्यावर पुस्तक घेऊनच बसली होती. साधनानं आडपडदा न ठेवता तिला हिंदीत सांगितलं, की जिन्याचं मी तुला सांगितलं ते चुकलं, माझी चूक झाली, आणि हे बघ, पुस्तकाचे सरच आले आहेत, ते नीट समजावतील. कमला धडपडून उठली, सरांच्या पाया पडली. तिचे डोळे विस्फारले होते. सरांपुढे पुस्तक उघडून ती उभी राहिली.

सरांनी घसा साफ केला. वीस वर्षं शिकवलेली गोष्ट होती. "उत्प्रेरक जो है," ते म्हणाले, "वह अग्र एवं प्रतीप, दोनों अभिक्रियाओं के वेग में समान अनुपात में वृद्धि करता है, अतः साम्य की स्थिति अपरिवर्तित..." आणि त्यांना ऐकू आलं, आपण काय बोलतो आहोत ते. त्यांनी थांबून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच शब्द आले. बावडी त्यांना माहीत होती, जिना माहीत होता, पण त्यांच्या तोंडातून तो जिना निघेना.

कमला अवघडून साधनाकडे बघत होती. मग तिनं धीर करून, अगदी अदबीनं म्हटलं, "सर, किताब में तो आपने कितना आसान लिखा है. वैसे ही बताइए ना."

गुणाकर सरांनी चष्मा पुसला नाही.

"वह मैंने नहीं लिखा, बेटा," ते म्हणाले. "इन्होंने लिखा है."

कमलाला नीटसं समजलं नाही. ती हसू की नको अशी उभी राहिली. साधना तोवर ओट्यावर बसली होती आणि पुस्तकाच्या समासात, खोडलेल्या ओळीच्या शेजारी, दोन्ही बाजूंनी माणसं ये-जा करणारा जिना काढत होती. तिनं कमलाला जवळ बोलावलं. सर उभ्यानंच वाकून बघू लागले.